मुंग्यांची अक्कल नेमकी असते कुठे?

गुळाच्या डब्यापाशी मुंग्यांची रांग लागली की घरात कोणीतरी म्हणतंच, "यांना बरोबर पत्ता सांगतं तरी कोण?" खरं तर कोणीच सांगत नाही. मुंग्यांच्या वसाहतीत मुकादम नसतो. जिला आपण राणी म्हणतो ती फक्त अंडी घालते. कोणी कुठे जायचं, किती जणींनी जायचं, बीळ कुठून कोरायचं, यातलं काहीही ती ठरवत नाही. बाहेर दिसतात त्या सगळ्या कामकरी माद्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीला कळतं ते आपल्या मिशांच्या टप्प्यातलं जग आणि आपण नुकतं जे पाहिलं तेवढंच. तरीही या मुंग्या दोन वाटांतली जवळची वाट धरतात, कोरड्या दिवसांत बाहेर पडणं कमी करतात आणि चार जागांतली बरी जागा हेरून बिऱ्हाड हलवतात.

मग ही अक्कल म्हणायची की नुसते नियम? नियम तर आहेतच. त्यांतले बरेचसे प्रयोगशाळेत मोजलेही गेले आहेत. पण नियम साधा निघाला म्हणून अक्कल नाही, असं होत नाही. आणि रांग सुरेख दिसली म्हणून अक्कल आहे, असंही होत नाही. पारखायचंच असेल तर एक खूण धरावी: चूक झाल्यावर त्या चुकीतून बाहेर पडता येतं का? मुंग्यांच्या बाबतीत याचं उत्तर जातीजातीला वेगळं मिळतं, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

(एक गोष्ट आधीच मोकळी करू. नागपंचमीला पुजतात ते वारूळ मुंग्यांचं नसतं, ते उधईचं असतं. उधई ही मुंगीची नाही, झुरळाची भाऊबंद. ती पण समूहाने बांधते, पण तिचा हिशेब इथे नको.)

रांग कशी पडते

अन्न सापडलेली मुंगी परत येताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत येते आणि गंधाचे अगदी बारीक ठिपके सोडत जाते. दुसरी मुंगी त्या वासाच्या मागाने अन्नापर्यंत पोचते. तिलाही काही मिळालं तर परतताना तीही ठिपके सोडते. रिकाम्या हाताने परतणारी सोडत नाही किंवा फार कमी सोडते. आणि वास उडत राहतो. वावरातली पायवाट अशीच पडते: आखत कोणी नाही, चालणाऱ्यांनी गवत दबतं, दबलं म्हणून आणखी लोक तिथूनच चालतात, आणि चालणं थांबलं की एका पावसाळ्यात ती बुजते. मुंग्यांची वाट जातीनुसार काही मिनिटांत किंवा काही तासांत बुजते.

यात किती ताकद आहे हे ब्रसेल्सच्या ज्याँ-लुई देनबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९-९० च्या सुमारास एका पुलावर दाखवलं. बीळ आणि अन्न यांच्यामध्ये दोन फाट्यांचा पूल ठेवला, मुंगी अर्जेंटिना जातीची. दोन्ही फाटे अगदी सारख्या लांबीचे असताना अर्ध्या इकडून, अर्ध्या तिकडून जातील असं कोणालाही वाटेल. तसं झालं नाही. थोड्या वेळात जवळजवळ सगळ्या एकाच फाट्यावर आल्या. प्रयोग पुन्हा केला की कधी डावा जिंकायचा, कधी उजवा.

आकड्यांत बघितलं की कारण चटकन कळतं. मोजमापांना चांगला जुळणारा नियम असा निघाला: एखाद्या फाट्यावरून आतापर्यंत जितक्या मुंग्या गेल्या त्यात २० मिळवा आणि त्या बेरजेचा वर्ग करा. दोन्ही फाट्यांच्या वर्गांचं जे प्रमाण, तेच पुढच्या मुंगीच्या निवडीचं प्रमाण. समजा डावीकडून २० गेल्या, उजवीकडून १०. डावीकडे ४० चा वर्ग १६००, उजवीकडे ३० चा वर्ग ९००. म्हणजे पुढची मुंगी डावीकडे जाण्याची शक्यता ६४ टक्के. डावीकडे ६० आणि उजवीकडे २० झाल्या की हीच शक्यता ८० टक्के होते. १०० आणि २० झाल्या की ९० टक्के. सुरुवातीला दोन-चार मुंग्यांचा फरक पडला तो निव्वळ योगायोगाने, पण वर्गामुळे तो फुगत गेला. वर्ग न करता साधं प्रमाण घेतलं असतं तर २० विरुद्ध १० ला ५७ टक्केच आले असते आणि एका फाट्याकडे एवढा ओढा कधीच लागला नसता. सुरुवातीचे २० मिळवायचे कशासाठी? वास अगदी थोडा असताना मुंगी त्याची फारशी फिकीर करत नाही म्हणून.

आता एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब ठेवा. बहुतेक वेळा आखूड फाटाच जिंकतो. कोणत्याही मुंगीने लांबी मोजलेली नसते. आखूड वाटेने गेलेली आधी परत येते, त्यामुळे त्या वाटेवर परतीचा वास आधी पडतो, आणि पुढचं काम वरचा नियम करतो. लांबीचं रूपांतर वेळेत होतं, वेळेचं वासात. मोजणी झाली, पण मोजणारा कोणी नाही.

हा पूल घरी करून बघता येतो

रांगेत शिस्तीने चालणाऱ्या बारीक तांबड्या किंवा तपकिरी मुंग्या घ्या. मुंगळे नकोत, ते चावतात आणि बरेचदा एकेकटे हिंडतात. परातीत बोटभर पाणी, मधे पालथी वाटी, वाटीवर झाकणात साखरपाणी. प्रमाण १०० मिली पाण्याला ३५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सात-आठ सपाट चमचे. जमिनीवरून वाटीपर्यंत जायला फक्त पुठ्ठ्याचा पूल. पुठ्ठा एकसंध कापायचा, पट्टी दोन सेंटिमीटर रुंद. सुरुवातीला एकच वाट, मग दोन फाटे, वाटीपाशी पुन्हा एक. पहिल्यांदा दोन्ही फाटे वीस-वीस सेंटिमीटर. दुसऱ्यांदा एक वीसचा, एक चाळीसचा. पुलाचं जमिनीवरचं टोक चालू रांगेच्या अगदी कडेला टेकवा. दर पाच मिनिटांनी एक मिनिट मोजा, कोणत्या फाट्यावरून किती गेल्या.

प्रयोग फसतो तो ठरलेल्या कारणांनी. फाट्यापाशी दोन्ही बाजूंचा कोन सारखा नसेल तर मुंग्या सरळ जाणारी बाजू धरतात आणि तुम्हाला वाटतं लांबीमुळे धरली. एका फाट्यावर खिडकीतलं ऊन पडत असेल तर निकाल उन्हाचा असतो. वापरलेला पुठ्ठा पुन्हा घेऊ नका, वास कागदात मुरलेला असतो. दर खेपेला नवीन कापा आणि चालण्याच्या जागेला हात लावू नका. चिकटपट्टीच्या कडेला मुंग्या अडकतात. आणि फरशी सकाळीच फिनाइलने पुसली असेल तर तो दिवस सोडून द्या.

पूल नसला तरी एक गोष्ट लगेच करता येते. चालू रांगेवरून ओल्या बोटाने चार सेंटिमीटर जागा घासून पुसा. दोन्ही बाजूंच्या मुंग्या पुसलेल्या कडेशी येऊन थबकतात, मिशा हलवत डावी-उजवीकडे फिरतात. एखादी कशीबशी ओलांडते, मग दुसरी, आणि थोड्याच वेळात रांग पुन्हा जुळते. पण नीट बघा: जुळलेली रांग जुन्याच रेषेवर असेल असं नाही, थोडी वाकडी होते, कारण आता ती पहिल्या चुकत-माकत ओलांडणारीच्या पावलांवर पडलेली असते.

कुठे फसतात ते बघा

ब्रसेल्सच्या त्याच गटाने प्रयोगात एक बदल केला. आधी फक्त लांब फाटा दिला आणि अर्ध्या तासाने आखूड फाटा जोडला. मुंग्या लांबच्याच वाटेने जात राहिल्या. नवी वाट निम्म्या लांबीची, डोळ्यांसमोर, पण जुन्या वाटेवर वास इतका साचला होता की नवीला संधीच नाही. हे नुसत्या नियमाचं खरं रूप. जो नियम जवळची वाट शोधून देतो, तोच लांबच्या वाटेला बांधूनही ठेवतो.

याहून भयंकर उदाहरण लष्करी मुंग्यांचं. दक्षिण अमेरिकेतल्या या मुंग्या जवळजवळ आंधळ्या, सगळी भिस्त पुढच्या मुंगीच्या वासावर. एखादी तुकडी मुख्य रांगेपासून तुटली आणि तिचं तोंड स्वतःच्याच शेपटाला लागलं की वर्तुळ तयार होतं आणि त्या त्याच वर्तुळात चालत राहतात, बऱ्याच जणी मरेपर्यंत. विल्यम बीबी यांनी १९२१ मध्ये गयानातल्या अशा एका वर्तुळाचं वर्णन केलंय: घेर १२०० फूट, एका मुंगीला एक फेरी मारायला अडीच तास. प्रत्येक मुंगी नियम काटेकोर पाळत होती. बिघाड नियमात नव्हताच, त्यातून बाहेर पडायची सोय नव्हती.

आणखी एक नमुना. मेलेली मुंगी दोन-तीन दिवसांनी वसाहतीच्या कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकली जाते. एडवर्ड विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवलं की मुंग्या मरण ओळखत नाहीत, कुजण्यातून तयार होणारं ओलेइक आम्ल ओळखतात. जिवंत, पाय झाडणाऱ्या मुंगीला ते लावलं तर तिलाही उचलून कचऱ्यात नेलं गेलं. ती परत आली, पुन्हा नेली. अंगाचा वास जाईपर्यंत हाच प्रकार.

इथवर वाचून 'म्हणजे यंत्रच की' असं वाटेल. घाई नको.

युरोपातल्या बागांत सापडणारी लॅसियस नायजर ही काळी मुंगी त्याच दोन फाट्यांच्या पुलावर वेगळी वागते. आखूड फाटा उशिरा दिला तरी ती त्याच्याकडे वळू शकते. कारण लांब फाट्यावर निघालेली मुंगी काही अंतरानंतर जाणते की आपलं तोंड जायच्या दिशेला नाही, आणि मधूनच उलटी फिरते. अनुभवी मुंगीची आठवण एक सांगत असेल आणि जमिनीवरचा वास दुसरं, तर ही जात बऱ्याचदा आठवणीवर जाते. म्हणजे समूहाच्या चुकीतून सुटका होते ती एकेकीच्या लहानशा डोक्यामुळे.

घराघरात आढळणाऱ्या बारीक पिवळट फेरो मुंगीने दुसरा उपाय काढलाय. ती तीन प्रकारचा वास वापरते: एक लवकर उडणारा, एक जास्त टिकणारा, आणि तिसरा 'इकडे काही नाही' सांगणारा. हा तिसरा २००५ मध्ये सिद्ध झाला. ती तो वांझोट्या फाट्याच्या तोंडाशी लावते आणि मागून येणाऱ्या तिथूनच वळतात. वाट विसरण्याची सोय नियमातच बसवलेली.

किती जणींनी बाहेर पडायचं

वाट झाली, पण मजूर किती पाठवायचे हे कसं ठरतं? स्टॅनफर्डच्या डेबोरा गॉर्डन यांनी अॅरिझोना आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवरच्या वाळवंटात १९८० च्या दशकापासून दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांच्या त्याच त्या वसाहती वर्षानुवर्षं पाहिल्या. दाणा घेऊन परतणारी मुंगी बिळाच्या तोंडाशी थांबलेल्यांना मिशा लावते. थोड्या वेळात पुरेशा अशा भेटी झाल्या की थांबलेली बाहेर पडते. भेटी विरळ असल्या की आतच राहते. दाणे भरपूर असले की परतणाऱ्या लवकर येतात, भेटी वाढतात, निघणाऱ्या वाढतात. दाणे विरळ असले की सगळं आपोआप मंदावतं. गंमत म्हणजे मुंगीही लागत नाही. सकाळी टेहळणीला जाणाऱ्या मुंग्यांच्या अंगावरचा मेणासारखा थर काचेच्या मण्यांना लावून ते मणी बिळात टाकले तरी दाणे वेचणाऱ्या बाहेर पडल्या. हे २००३ मधलं काम.

विदर्भाच्या शेतकऱ्याला यातला पुढचा भाग जास्त पटेल. रखरखीत उन्हात दाणा शोधायला बाहेर पडणं म्हणजे अंगातलं पाणी घालवणं, आणि त्या मुंग्यांना पाणी मिळतं तेही दाण्यांतूनच. गॉर्डन यांना असं दिसलं की काही वसाहती कोरड्या दिवशी बाहेर पडणं कमी करतात, काही करत नाहीत. २०१३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: हात आखडता घेणाऱ्या वसाहतींच्या लेकी-वसाहती जास्त निपजल्या. नियम एकच आहे, फक्त कितव्या भेटीला हलायचं हा उंबरठा वसाहतीगणिक वेगळा आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या निवड होत आली. शहाणपण असेल तर त्यातला मोठा वाटा या उंबरठ्यात साठलेला आहे.

आपल्याकडच्या वावरातही दाणे वेचणाऱ्या मुंग्या असतात. बिळाभोवती टरफलांचं कडं दिसलं की ओळखायचं. धूळपेरणीनंतर पाऊस लांबला तर तीळ-ज्वारीसारखं हलकं बी त्या नेतात. पण भर दुपारी वावर पाहून 'मुंग्या नाहीत' म्हणू नका. मे-जूनच्या तापलेल्या जमिनीवर त्या बहुधा बाहेर येतच नाहीत. सकाळी उजाडताच किंवा दिवस मावळल्यावर बघा.

आणि पावसाआधी 'अंडी घेऊन निघाल्या' असं आपण म्हणतो, तेव्हा तांदळासारखं पांढरं जे दिसतं ती अंडी नसतात. ते अळ्या आणि कोष. खरं अंडं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, उभ्याने दिसणारही नाही.

एकटी मुंगी इतकीही भोळी नाही

मुंगीच्या मेंदूत चेतापेशी फार तर दोन-अडीच लाखांच्या घरात, माणसाच्या सुमारे ८,६०० कोटी. पण त्या दोन लाखांत बरंच बसतं. ट्युनिशियाच्या खारट मैदानावरची कॅटाग्लिफिस मुंगी वासाची वाट न ठेवता एकटी हिंडते आणि अन्न मिळालं की सरळ रेषेत बिळाकडे येते. दिशा ती आकाशातल्या प्रकाशावरून घेते. अंतर कसं मोजते, हे २००६ मधल्या प्रयोगाने दाखवलं. १० मीटर चालून अन्नापाशी आलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांच्या काठ्या चिकटवून पाय लांब केले, तर परतताना त्या बिळाच्या पुढे निघून सुमारे १५ मीटरवर शोधू लागल्या. ज्यांचे पाय तोडून आखूड केले त्या सहा मीटरच्या आतच थांबल्या. म्हणजे पावलं मोजली जातात.

टेम्नोथोरॅक्स नावाची दोन-तीन मिलिमीटरची मुंगी तर दुसरीला वाट शिकवते. पुढची चालते, मागची तिला मिशांनी टोचत येते. मागची वाटेत खाणाखुणा पाहायला थांबली की पुढचीही थांबते आणि टोचणी आल्यावरच पुढे सरकते. एकटी गेली असती तर पुढची साधारण चौपट लवकर पोचली असती. स्वतःचं नुकसान करून दुसरीला शिकवणं हे माणसाबाहेर इतकं स्पष्टपणे त्या वेळी, २००६ मध्ये, पहिल्यांदाच दाखवलं गेलं.

याच मुंग्यांनी आपल्या मूळ प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर दिलंय. बिऱ्हाड हलवायचं असलं की हेरणाऱ्या मुंग्या वेगवेगळ्या जागा पाहतात. जागा चांगली वाटली तर दुसरीला आणायला लवकर निघतात, वाईट वाटली तर रेंगाळतात. एखाद्या जागेत आपल्या बहिणींच्या गाठी पुरेशा वारंवार पडू लागल्या की शिकवणं बंद आणि थेट उचलून नेणं सुरू. ते तिप्पट वेगाने होतं. कित्येक मुंग्यांनी एकच जागा पाहिलेली असते, तरी वसाहत बहुधा बरी जागा निवडते. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या ताकाओ सासाकी आणि स्टीफन प्रॅट यांनी २०१२ मध्ये एकटी मुंगी आणि पूर्ण वसाहत यांची तुलना केली. दोन जागांतून निवडायचं तर दोघी बऱ्या. आठ जागा दिल्या तर एकटी गोंधळली, वसाहत गोंधळली नाही. पुढच्या वर्षी आणखी बारीक फरक सापडला: दोन जागांतला फरक पुसट असेल तर वसाहत सरस, फरक ढळढळीत असेल तर एकटी मुंगीच सरस. समूह नेहमीच शहाणा, असं नाही. सोप्या प्रश्नाला तो उगाच गर्दी करतो.

मेलेलं झुरळ दहा-वीस जणी मिळून ओढत नेतात ती लांब पायांची, सैरावैरा पळणारी काळपट मुंगी तुम्ही पाहिलेली आहे. पॅराट्रेकिना तिचं नाव. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या ओफर फाइनरमन यांच्या गटाने तिच्यावर काम केलं. ओढणाऱ्या बहुतेकींना घर कुठे आहे ते ठाऊक नसतं, त्या सगळ्यांच्या ओढीच्या दिशेने ओढतात. नव्याने येऊन धरणारीला मात्र दिशा माहीत असते. ती काही सेकंद तिकडे खेचते, मग तीही गर्दीतली होते, तोवर पुढची येते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी याच मुंग्यांना आणि माणसांना एकच कोडं घातलं: टी आकाराची वस्तू दोन अरुंद फटींतून पलीकडे न्यायची. मुंग्यांचा गट मोठा झाला तसा त्यांचा निकाल सुधारला. माणसांचा सुधारला नाही, आणि बोलायची-खुणांची बंदी केली तेव्हा आणखी घसरला. यावरून मुंगी माणसाहून हुशार ठरत नाही. एकटा माणूस कोडं समजून सोडवतो, मुंग्या ते समजतही नाहीत. त्यांच्या गटाची एक लागलेली दिशा टिकून राहते आणि भिंतीला घासत ती फट सापडते, इतकंच.

आमचा कौल असा: नियम मुंगीत आहेत, अक्कल नियमांच्या बांधणीत आहे. वास किती टिकतो, कितव्या भेटीला हलायचं, आठवण आणि वास भांडले तर कोणाचं ऐकायचं, या जोडण्या जिथे नीट बसल्यात तिथे वसाहत खरोखर निर्णय घेते. जिथे चुकीची खबर परत यायची वाटच नाही, तिथे ती वर्तुळात फिरून मरते.

हे वावरात आणि घरात कुठे लागतं

पऱ्हाटीच्या शेंड्याकडे मुंग्यांची एकसारखी ये-जा दिसली की पानं उलटून बघा. मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडण्याची शक्यता दाट. हे किडे रस शोषून गोड चिकटा टाकतात आणि मुंग्या तो पितात. मुंग्या किडे 'पाळतात' असं आपण म्हणतो, पण त्यामागे योजना नसते. गोड जागेजवळ जे हलेल त्याच्यावर धावायचं, एवढंच. त्यात ढालकिडे आणि पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालणारी एनासियस ही बारीक गांधीलमाशीही पळवून लावल्या जातात, म्हणून मुंग्या असतील तिथे किडीचा नैसर्गिक बंदोबस्त ढिला पडतो. पिठ्या ढेकूण बहुधा धुऱ्याकडच्या ओळींत, गाजरगवतावरून चढून सुरू होतो, तेव्हा आधी तिथेच बघावं.

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागेत मुंग्यांना झाडावर चढू न देण्यासाठी खोडाला चिकट पट्टा बांधतात. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल खराब होते. जमिनीपासून हात-दीड हातावर आधी १०-१५ सेंटिमीटर रुंद प्लॅस्टिक किंवा जाड कागद घट्ट गुंडाळा, सालीच्या खाचा बुजतील असा, आणि ग्रीस त्यावर. पट्टा निकामी होतो तो बहुतेकदा तीन गोष्टींनी: गवत फांदीला टेकलेलं, बहाराला दिलेले बांबूचे टेकू मोकळे सोडलेले, किंवा धूळ आणि मेलेल्या मुंग्या साचून ग्रीसवर पूल झालेला. टेकूलाही पट्टा हवा आणि आठवड्याला एक नजर हवी. पानांवर कोळशी काळ्या माशीमुळे आली असेल तर मात्र पट्ट्याचा फारसा उपयोग नाही, ती उडते.

घरातल्या मुंग्यांवर फवारा मारला की रांग मरते, वसाहत नाही. बाहेर दिसतात त्या एकूणातल्या थोड्याच. त्यांच्या वाटून खाण्याचाच उपयोग करून घ्यायचा असेल तर १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक आम्ल. मेडिकलमधून घेताना डब्यावर बघा, भुकटीत दुसरं काही मिसळलेलं नको. मुंगी हे पाणी पोटातल्या वेगळ्या पिशवीत नेते आणि तोंडाला तोंड लावून इतरांना पाजते. बोरिक एक टक्का असलं की मरण यायला काही दिवस लागतात, तोवर ते राणी आणि अळ्यांपर्यंत पोचतं. 'जरा जास्त घालू' म्हणून पाच टक्के केलं की मुंग्या तोंड लावत नाहीत किंवा वाटण्याआधीच मरतात. चांगलं अन्न मिळाल्याची खबर काही मिनिटांत रांगेत पसरते, विषाची खबर यायला दिवस जातात, आणि या दोन्हींचा सांधा आपल्या घरातल्या बहुतेक मुंग्यांना जोडता येत नाही. अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या मुंग्यांना येतो. त्या पानांवर बुरशी वाढवतात. मुंगीला न कळणारं बुरशीनाशक पानांत घातलं तर बुरशीला त्रास होतो, आणि दिवसभरात ती वसाहत त्या जातीचं पान आणणं बंद करते, ते पुढे कित्येक आठवडे.

साखरपाणी बाटलीच्या झाकणात कापसाच्या बोळ्यावर भिजवून रांगेच्या कडेला ठेवा, रांगेवर नाही. दोन दिवसांनी बदला. पाणी सुकलं की उरलेल्यातलं बोरिकचं प्रमाण वाढतं आणि मुंग्या सोडून जातात. उन्हाळ्यात तर रोज बदलावं लागतं. तोंडच लावत नसतील तर शेजारी थोडा शेंगदाण्याचा कूट ठेवून बघा. तिकडे गर्दी झाली तर वसाहतीला त्या वेळी गोड नको, तेलकट हवंय; चार-आठ दिवसांनी पुन्हा साखर लावा. लेकरं, कोंबड्या, गोठ्यातली जनावरं यांच्या तोंडी लागणार नाही अशी जागा धरा. पहिले दोन-तीन दिवस रांग उलट दाट होईल. तेव्हा फडकं मारायचं नाही, फवारायचं नाही, खडूने रेघ ओढायची नाही. वाट मोडली की बोरिक आत जाणंही थांबतं. फरक दिसायला दोन-तीन आठवडे धरून चला.